वायफाय तुटलं म्हणून कार्ड पुसू नका

या वेळी आलेल्या पत्रांत एकच दुखणं सारखं दिसतं. रास्पबेरी पाय किंवा तसाच एखादा छोटा संगणक हौसेनं बसवला, काही दिवस छान चालला आणि मग त्याचं वायफाय जाऊ लागलं. त्यातली पाच पत्रं मी निवडली, कारण पाचही दुखणी वेगळी आहेत आणि पाचही जणांनी उपाय मात्र एकच केला: मेमरी कार्ड पुसून सगळं नव्यानं भरलं. रत्नागिरीत माझ्या दुरुस्तीच्या टेबलापर्यंत येणारी माणसंही बहुतेक तेच करून आलेली असतात. कळकळीनं सांगते, तसं करू नका. काय बिघडलं याची नोंद तो बोर्ड स्वतः ठेवत असतो. कार्ड पुसलं की नोंद जाते आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

आज्ञा इथे नागरीत छापल्या आहेत. त्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, मोकळ्या जागा दिसतात तशाच ठेवून.

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी रास्पबेरी पाय ४ बसवला आहे. राऊटर शेजारच्या खोलीत, मध्ये चिऱ्याची भिंत. एरवी सगळं ठीक चालतं. पण लाईट जाऊन आली की पायचं वायफाय परत येत नाही. त्याच राऊटरवर मोबाइल मात्र चालतो. बोर्ड बंद-चालू केला की कधी लागतं, कधी नाही. कार्डही पुन्हा भरून पाहिलं. ताई, बोर्ड बदलावा का?
— वाचनालयाचे कार्यवाह, राजापूर तालुका

बदलू नका. एरवी चालणारा बोर्ड फक्त लाईट आल्यावर अडतो, म्हणजे गडबड त्या पहिल्या काही मिनिटांत आहे. भिंतीचा दोष असता तर तो दिवसभर जाणवला असता.

लाईट आली की पाय आणि राऊटर एकदमच उठतात. पाय लवकर तयार होतो. फायबरच्या राऊटरला पूर्ण उभं राहायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि त्यातही राऊटरचं नाव आधी दिसू लागतं, जोडणाऱ्या यंत्रांना पत्ते देण्याचं काम नंतर सुरू होतं. पाय नाव बघून जोडायला जातो, पत्ता मागतो, तो मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पायच्या प्रणालीत हे काम नेटवर्कमॅनेजर बघतो. तो सहसा चार प्रयत्न करून थांबतो आणि काही वेळ त्या जोडणीकडे वळत नाही. कधी राऊटर अर्धवट जागा असताना पासवर्डची देवाणघेवाण फसते. मग पासवर्डच चुकला असं धरून तो नव्या पासवर्डची वाट बघत राहतो. समोर कीबोर्ड घेऊन कुणी बसलेलं नसेल तर तो पासवर्ड देणार कोण?

पुढच्या वेळी असं झालं की बोर्ड बंद करण्याआधी ही आज्ञा द्या. यात नेटवर्कमॅनेजर या शब्दातला एन आणि एम तेवढे मोठे ठेवा:

जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर -बी

चालू झाल्यापासून वायफायनं काय काय केलं ते वेळेसकट समोर येईल. पत्ता मिळाला नाही की पासवर्ड नाकारला, दोन्ही तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. पत्त्याचं कारण निघालं तर थांबू नकोस, प्रयत्न करत राहा, असं त्याला सांगायचं:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय प्रीकॉन्फिगर्ड कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रिट्राइज ०

शेवटचं शून्य म्हणजे प्रयत्नांना मर्यादा नाही. कार्ड भरताना इमेजरमध्येच, म्हणजे कार्डावर प्रणाली भरणाऱ्या प्रोग्राममध्येच, वायफायची माहिती भरली असेल, तर बुकवर्ममध्ये जोडणीचं नाव 'प्रीकॉन्फिगर्ड' असं पडतं. वेगळं असेल तर 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' म्हटलं की यादीत दिसेल.

यापेक्षाही मला आवडणारा उपाय म्हणजे राऊटरलाच लाईट गेल्याचं कळू न देणं. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. आपल्या राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलं आहे ना आणि त्याला किती अँपिअर लागतात, एवढं बघून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट दिवसातून कितीदा डोळे मिचकावते ते तुम्हाला ठाऊक आहे. दर वेळी राऊटर नव्यानं उठत नसेल तर हा प्रश्नच उरणार नाही.

आता विजेचं बघा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो, आणि बोर्डापाशी व्होल्टेज ४.६३ च्या खाली आलं की तो तक्रार नोंदवतो. अडॅप्टर चांगला असूनही मोबाइलची लांब, बारीक केबल इथे घात करते. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध मिळून पाव ओहम धरा. बोर्डानं २ अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट केबलमध्येच गेला. ५.१ मधून ०.५ वजा केले की राहिले ४.६. मल्टिमीटर भिंतीपाशी लावला तर सगळं ठीक दिसतं, बोर्ड मात्र उपाशी. तपासायला 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्या. उत्तर '०एक्स०' आलं तर वीज नीट मिळते आहे. '०एक्स५००००' आलं तर आत्ता ठीक आहे, पण चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि बोर्डानं आपला वेग कमी केला होता. शेवटचा आकडा ५ असेल तर हे आत्ता, या क्षणी चालू आहे. अशी वीज मिळत असताना वायफायच्या सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही. आखूड, जाड केबल आणा.

गणपतीत वाचनालय आठ-दहा दिवस बंद असेल तर आणखी एक बघायचं. पाय ४ वर घड्याळासाठी बॅटरी नाही, म्हणून बोर्ड बंद असताना त्याचं घड्याळ थांबतं. वायफाय लागलेलं दिसतं, पण पानं उघडत नाहीत आणि प्रमाणपत्र चुकीचं असल्याचा इशारा येतो, असं झालं तर आधी तारीख तपासा. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल नाण्याएवढ्या बॅटरीवर वेळ राखून ठेवतं.

आमचं गुहागरला घरगुती निवास आहे. राऊटरला 'किनाऱ्यावर' असं मराठीत नाव दिलं, पाहुण्यांना फार आवडतं. सगळ्यांच्या मोबाइलला ते लागतं. ओटीवरच्या टीव्हीला जोडलेल्या पायवर मात्र मी नाव अगदी तसंच टाइप केलं तरी नेटवर्क सापडत नाही. पासवर्ड बरोबर आहे. मुलाचं म्हणणं, मराठी नाव चालतच नाही.
— एक गृहिणी, गुहागर

मराठी नाव चालतं. मुलाला हे नक्की वाचायला द्या, आणि नाव बदलण्याआधी एकदा डोळे भरून बघा, कारण याच्याइतकं शिकवणारं पत्र मला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, नागरी लिपीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त यांची खूण वेगळी मोजली जाते. आता तुमचं नाव मोजू. क, वेलांटी, न, काना, ऱ, हलन्त, य, काना, व, र. दहा खुणा, तीस बाइट. नाव मर्यादेत बसलं.

अडचण 'ऱ्य' मध्ये आहे. आपला हा अर्धा र संगणकात एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ हे एकच चिन्ह देतात. काही कीबोर्ड साधा र, मग हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण घालतात. पडद्यावर दोन्ही 'किनाऱ्यावर' तंतोतंत सारखे दिसतात. पण दुसऱ्या प्रकारात खुणा अकरा होतात आणि बाइट ३३. म्हणजे तुम्ही पायवर टाइप केलेलं नाव राऊटरच्या नावाहून निराळं तर ठरतंच, शिवाय ते वायफायचं नाव म्हणून बसूच शकत नाही. राऊटरला नाव मोबाइलवरून दिलंत आणि पायवर दुसऱ्या कीबोर्डनं टाइप केलंत, असं झालं असणार. मोबाइलला त्रास होत नाही, कारण पाहुणे नाव टाइप करत नाहीत, यादीतून निवडतात.

तेच पायवर करा. टर्मिनलमध्ये 'सुडो एनएमटीयूआय' लिहा, जोडणी सुरू करण्याचा पर्याय घ्या आणि यादीतून नाव निवडा. तिथे अक्षरं मोडलेली दिसतील किंवा नावाच्या जागी तिरक्या रेघा आणि आकडे दिसतील. तो दोष टर्मिनलच्या फाँटचा. सिग्नल सर्वात जोरात असलेलं नाव तुमचंच असणार, ते निवडून पासवर्ड द्या.

तरीही माझा सल्ला असा की राऊटरवर दुसरं एक नेटवर्क करता येत असेल तर यंत्रांसाठी साध्या इंग्रजी अक्षरांतलं छोटं नाव ठेवा. प्रिंटर, कॅमेरे, स्मार्ट प्लग यांपैकी काहींना नागरी नाव झेपत नाही. पाहुण्यांचं 'किनाऱ्यावर' मात्र काढू नका. आपल्या लिपीतलं नाव यादीत दिसावं, यासाठी थोडी खटपट करायला काय हरकत आहे?

मी दहावीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी पाय घेतला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वायफायच्या माहितीची 'डब्ल्यूपीए_सप्लिकंट' फाइल कार्डाच्या बूट विभागात टाकली. वायफाय लागत नाही. फाइल अनेकदा नव्यानं केली.
— विद्यार्थिनी, चिपळूण

तुझी फाइल बरोबर आहे, पुस्तक जुनं आहे. वर राजापूरच्या उत्तरात सांगितलेला नेटवर्कमॅनेजर आल्यापासून बूट विभागातली ती फाइल वाचलीच जात नाही. कार्ड भरताना रास्पबेरी पाय इमेजर जी सेटिंग विचारतो, तिथेच वायफायचं नाव, पासवर्ड आणि देश भर.

देश विसरू नकोस. देश ठरेपर्यंत पायचं वायफाय मुद्दाम बंद ठेवलेलं असतं आणि टर्मिनल उघडलं की 'आरएफकिल'नं वायफाय अडवलं आहे असा इशारा येतो. कोणत्या देशात कोणते चॅनल वापरायचे याचे कायदे वेगळे आहेत, म्हणून ही काळजी. 'सुडो रास्पी-कॉन्फिग' मध्ये स्थानिक पर्यायांत जाऊन भारत निवड, त्याची खूण आयएन. कुणाचं बघून यूएस ठेवशील तर १२ आणि १३ क्रमांकाच्या चॅनलवरचे राऊटर तुला दिसणार नाहीत.

तुझ्या प्रकल्पाचं काय झालं ते मला जरूर कळव.

हापूसच्या कलमांत तापमान आणि आर्द्रता मोजायला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू बसवला आहे. पत्र्याच्या पेटीत घालून पंपाच्या खोपीवर लावला. जुन्या राऊटरवर कसंबसं चालत होतं. नवीन फायबरचा राऊटर आला, त्याचा वेग भरपूर, पण आता बोर्डाला नेटवर्क दिसतच नाही. राऊटर बसवणारा म्हणतो, बोर्ड खराब आहे.
— बागायतदार, देवगड

बोर्ड खराब असल्याचं तुमच्या पत्रात एकही लक्षण नाही. झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ऐकू येतं. पाय ३ आणि झीरो डब्ल्यूचंही तसंच. ५ गिगाहर्ट्झ ३बी प्लसपासून, म्हणजे २०१८ पासून आलं, ४ आणि ५ मध्ये ते आहेच. नव्या राऊटरवर २.४ बंद ठेवलं असेल तर तुमच्या बोर्डाच्या दृष्टीनं तिथे राऊटरच नाही. राऊटरच्या पानावर जाऊन २.४ चालू करा आणि त्याला वेगळं नाव द्या. चॅनल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. डब्ल्यूपीए३ किंवा दोन्हींच्या मिश्रणावर हे छोटे बोर्ड अनेकदा अडतात.

राऊटर बदलण्याआधीही 'कसंबसं' चालत होतं असं तुम्ही लिहिलंत, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला कारण ती पेटी. झीरोचा अँटेना बाहेर दिसत नाही, तो हिरव्या पाटीच्या कडेलाच कोरलेला छोटासा त्रिकोण आहे. पत्र्याच्या पेटीत तो कोंडला जातो, आत-बाहेर जाणारा सिग्नल बहुतेक पेटीतच अडतो. धूळ-पाणी रोखणारी, आयपी६५ दर्जाची प्लॅस्टिकची जंक्शन बॉक्स घ्या, केबल खालच्या बाजूनं ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत घ्या आणि पाटीची ती कड मोकळी राहील असं बघा.

पेटी उघडाल तेव्हा पिना भिंगातून बघा. समुद्राकडून येणारी खारी हवा काही महिन्यांतच पिनांच्या मुळाशी हिरवट-पांढरी भुकटी आणते. सेन्सरची तार त्यावर बसवली की वाचन कधी येतं, कधी येत नाही, आणि माणूस वायफायला दोष देतो. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करा, पूर्ण वाळू द्या. त्यानंतर जोडण्या सोडून बाकीच्या पाटीवर कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओलावा रोखणाऱ्या लेपाचा, पातळ थर द्या.

कलमं बारा महिने पानांनी भरलेली असतात, आणि ओली पानं २.४ चा सिग्नल खातात. पावसाळ्यात तो आणखी उतरेल. बोर्डापाशी 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक' ही आज्ञा दिली की सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ६० च्या आसपास निश्चिंत राहा, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर आज ना उद्या तुटणार. मग घराच्या कौलाखाली बाहेरच्या वापराचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, लावून त्याचं तोंड बागेकडे करा. बाग मोठी असेल तर मी वायफायचा आग्रह सोडीन आणि लोरा मॉड्यूल, म्हणजे कमी वेगानं पण लांबवर माहिती पाठवणारा रेडिओ, वापरीन. त्यासाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे. तापमानाचे चार आकडे पाठवायला वेग लागत नाही, पल्ला लागतो.

एक मात्र करू नका. घरापासून खोपीपर्यंत उघड्यावरून तांब्याची नेटवर्क केबल ओढू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली तर तो झटका केबलमधून थेट राऊटरपर्यंत येतो. वायर न्यायचीच असेल तर ऑप्टिकल फायबर न्या, तोही धातूची तार नसलेला.

दशावतारी नाटकांची जुनी ध्वनिमुद्रणं जमवून पाय ४ ला जोडलेल्या एसएसडीवर ठेवतो आहे. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वायफाय मंदावतं आणि तुटतं. रात्री काही चालू नसतानाही सकाळी पहिल्यांदा जोडायला वेळ लागतो. वेगळा राऊटर घेऊ का?
— वेंगुर्ला

राऊटरवर खर्च करू नका. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

कॉपी करताना तुटतं त्याचं कारण बहुधा एसएसडीची केबल. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजमापांसह मांडलं आहे. एसएसडी निळ्या पोर्टमधून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टला लावा आणि तीच फाइल पुन्हा कॉपी करा. वेग कमी होईल, पण वायफाय टिकलं तर कारण सापडलं. मग एसएसडी पुन्हा निळ्या पोर्टला लावून, चांगलं आवरण असलेल्या केबलनं बोर्डापासून हातभर लांब ठेवा आणि पायला ५ गिगाहर्ट्झवर न्या.

सकाळची सुस्ती वायफायच्या वीजबचतीमुळे असू शकते. जोडणीच्या सेटिंगमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह' ची किंमत २ करा, म्हणजे बचत बंद. आज्ञा राजापूरच्या उत्तरातली 'मॉडिफाय'वालीच, फक्त शेवटचे दोन शब्द बदलायचे.

पण तुमच्याकडे आहे ती ठेव आहे. त्या मुद्रणांतले काही आवाज आता पुन्हा मिळायचे नाहीत. ती सगळी एकाच एसएसडीवर असतील तर वायफायच्या आधी दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. आणि कॉपीसाठी वायफायवर विसंबू नका. पाय ४ ला गिगाबिट नेटवर्कचं पोर्ट आहे. एकाच घरात राऊटरपासून वायर ओढणं अवघड नाही. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीतून ती आणायची झाली तर भोक बाहेरच्या बाजूला खाली उतरतं पाडा आणि वायरला बाहेर थोडा झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत न येता खाली गळून जाईल.